काचेची पट्टी

विकाऊ घराच्या सगळ्या खोल्या कळकट आणि एकाच भिंतीला ताजा रंग दिलेला दिसला, की माझी बोटे आपोआप त्या भिंतीकडे जातात. परवा दुपारी घर पाहताना तसेच झाले. टकटक केली आणि गिलावा पोकळ वाजला. खाली, फरशीपासून हातभर उंचीपर्यंत, नव्या रंगातूनही पांढरी भुकटी डोकावू लागली होती. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि वाळताना विटांतले क्षार असे बाहेर आणून सोडते. घर दाखवणारे गृहस्थ त्या वेळी खिडकीतल्या उजेडाचे कौतुक करीत होते, आणि उजेड होताही सुरेख.

लहानपणी आमच्या घराच्या भिंतीला तडा गेला होता, तेव्हा गवंड्याने त्यावर काचेची एक पट्टी आडवी बसवली, दोन्ही टोकांना सिमेंटचे गोळे थापले आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली. काच फुटली तर तडा अजून वाढतो आहे, न फुटली तर भिंत स्थिरावली, इतके साधे त्याचे गणित. आम्ही मुले रोज उठून ती फुटली का ते मोठ्या आशेने पाहत असू. वडीलही पाहत, पण त्यांची आशा वेगळी असावी. महिने लोटले, पट्टी अखंड राहिली, तडा बुजवला गेला आणि आमचा भारी विरस झाला.

घर घेणाऱ्याला मात्र महिने मिळत नाहीत. तासाभरात पाहायचे आणि आठवड्यात सांगायचे. त्या तासात आपण न्हाणीघराच्या फुटक्या फरश्यांवरून घासाघीस करतो, जे काम पैसे टाकले की उरकते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा तडा पाया खचल्याची शंका घ्यायला लावतो, तिकडे लक्ष जात नाही. स्लॅबचे पोपडे पडून सळई उघडी झाली असेल, तर नुसता गिलावा मारून भागत नाही, कारण गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो आणि काँक्रीट आतून फोडत राहतो.

त्या स्लॅबखाली मुले झोपणार असतात. तेव्हा जाणत्या अभियंत्याने तो ठोकून पाहिल्याशिवाय मी इसार देणार नाही. तेवढ्यात दुसरे गिऱ्हाईक आले, तर ते घर त्याला लाभो.