बास म्हणायचं काम

परवा दुपारी तेलाची पिशवी बाटलीत ओतत होतो. ही ऑफिसात, मी निवृत्त, त्यामुळे दुपारचं स्वयंपाकघर माझं. पिशवीचा कोपरा कात्रीने तिरका कापला, बाटलीच्या तोंडात लाल प्लॅस्टिकचं नरसाळं घट्ट बसवलं आणि ओतायला लागलो. सुरुवातीला सगळं छान. मग तेल नरसाळ्यात चढायला लागलं आणि उतरेना. मी थांबलो. तेलही थांबलं. आम्ही एकमेकांकडे बघत असताना बाटलीने एक ढेकर दिला, तेलाने उसळी मारली आणि ओघळ निघाला तो बाटलीच्या अंगावरून कट्ट्यावर, कट्ट्यावरून ड्रॉवरच्या मुठीवर आणि तिथून थेंबाथेंबाने पायपुसण्यावर.

पिशवीवर छापलेलं असतं, एक लिटर, 910 ग्रॅम. त्यातलं किती बाटलीत गेलं आणि किती ड्रॉवरच्या वंगणाला कामी आलं, हे मी हिला सांगितलेलं नाही. पायपुसणं मात्र धुऊन वाळत घातलं आणि तिथेच फसलो. मी आपणहून पायपुसणं धुतलं, याचा आमच्या घरात एकच अर्थ निघतो.

खरं तर अशी फजिती व्हायचं मला काही कारण नव्हतं. गेली कित्येक वर्षं मी मनातल्या मनात एक नरसाळं बनवतोय. न सांडणारं. कोणी घराचं स्वप्न बघतो, कोणी युरोपच्या सहलीचं. मी बँकेच्या कंटाळवाण्या मीटिंगांत वहीच्या मागच्या पानावर नरसाळी काढायचो. झाकणाचं नरसाळं, दोन नळ्यांचं, शिट्टी वाजणारं. साहेबांना वाटायचं मी मुद्दे टिपतोय.

साताऱ्याच्या घरी आमच्याकडे दोन नरसाळी होती, दोन्ही पत्र्याची. तेलाचं होतं ते फडताळात उपडं. रॉकेलचं मोरीमागे खिळ्याला टांगलेलं, गळ्याशी बारीक जाळी बसवलेलं, आणि त्याला स्वयंपाकघरात यायला बंदी. एका दिवाळीत धाकटी आत्या लवकर आली आणि आईला मदत म्हणून डब्यातलं शेंगदाण्याचं तेल तिने बरणीत काढून ठेवलं. हाताला लागलं ते नरसाळं घेऊन. चिवड्याची फोडणी पडली आणि सगळ्या वाड्याला कळलं. पण टाकायचं काय म्हणून? दोन किलो पोहे, खोबरं, डाळं, शेंगदाणे. त्या वर्षी चिवडा शेजारी वाटला गेला नाही. पाहुण्यांना लाडू-चकली, आणि आम्ही घरचे देवदिवाळीपर्यंत चिवडा खात होतो. अण्णा, म्हणजे आमचे वडील, बशी हातात घेतली की काडीपेटी लांब सरकवून ठेवायचे. आत्या दर वेळी रडवेली व्हायची आणि आम्ही दर वेळी हसायचो.

रेशनवर रॉकेल आल्याचं कळलं की डबा घेऊन रांगेत उभं राहायचं काम थोरल्या भावाचं. रेशनचं रॉकेल निळं असायचं. मुद्दाम रंग घातलेला, काळ्या बाजारात गेलं तर ओळखू यावं म्हणून. ते घरी आलं की मोरीपाशी एक समारंभ व्हायचा. अण्णा डबा मांडीवर तिरका करून ओतायचे आणि मी नरसाळं धरायचं. नुसतं धरायचं नाही, 'बास' म्हणायचं. हे माझं खातं. बाटलीला सोपं, आतलं दिसतं. पण पितळी स्टोव्हच्या टाकीचं तोंड रुपयाएवढं आणि आत सगळा अंधार. तिथे कानाने बघावं लागतं. मी टाकीला कान लावून उकिडवा बसायचो. आधी आवाज जाडा, पोकळ. मग जसजसं रॉकेल चढेल तसतसा बारीक, आणखी बारीक. टाकी पाऊणच भरायची, वर हवेला जागा ठेवायची, नाही तर पंप मारून मारून हात दुखेल आणि स्टोव्ह काही फरफरणार नाही. तर तो पाऊण टाकीचा सूर माझ्या कानात बसलेला होता.

तरी सांडायचंच. कारण टाकी पाऊण झाली की मी 'बास' म्हणायचो, अण्णा थांबायचे, पण नरसाळ्यात तोवर बोटभर रॉकेल असायचंच. ते खाली गेलं की टाकी काठोकाठ. आणि न जाऊ देता नरसाळं उचललं तर फरशीवर. अण्णा त्या वेळी खालून नळीच्या तोंडाला बोट लावून नरसाळं तसंच उचलून डब्यावर न्यायचे आणि मग दिवसभर पानसुपारीलासुद्धा तो हात लावायचे नाहीत. एकदा ते मला म्हणाले, "अरे, टाकीत किती झालं ते कशाला बघतोस? वर नरसाळ्यात किती आहे ते धरून बास म्हण." मी आठ-नऊ वर्षांचा असेन. म्हटलं, नरसाळ्यात किती आहे ते तर तुम्हालाच दिसतंय, तुम्हीच म्हणा की. यावर एक टपली मिळाली. रॉकेलच्या हाताची.

परवाच्या ढेकराचं कारणही अण्णांना तेव्हा माहीत होतं. नरसाळं तोंडात घट्ट बसलं की बाटलीतली हवा जाणार कुठून? तेलाला आत यायचंय, हवेला बाहेर जायचंय, दार एकच. एसटीच्या दारात चढणारे आणि उतरणारे अडून बसतात तसं होतं. मग कधी तरी आतला एक दांडगा बुडबुडा सगळ्यांना ढकलून बाहेर पडतो. यावर उपाय म्हणजे नरसाळं जरा उचलून धरायचं, नाही तर नळीशेजारी काडीपेटीतली काडी सरकवायची. अण्णांनी काडीचाही वैताग येऊन रॉकेलच्या नरसाळ्याला नळीवर बाहेरून तारेचा उभा तुकडा डाग देऊन आणला होता, म्हणजे फट कायमचीच. हल्लीच्या बऱ्या नरसाळ्यांना नळीवर उभ्या कडा असतात, त्या नक्षी म्हणून नसतात. आमचं लाल नरसाळं तिनाच्या सेटमधलं, गुळगुळीत. ते मीच आणलंय. वहीभर नरसाळी काढणाऱ्या माणसाने.

दुसरी अडचण तेलाची स्वतःची. कॉलेजात प्वाझयच्या नियमावर उत्तर पाठ केलं होतं, त्याचा आयुष्यात एवढाच उपयोग झाला: नळी दुप्पट रुंद केली की तेलासारखा घट्ट द्रव दुप्पट नव्हे, सोळापट वेगाने उतरतो. म्हणजे नळी रुंद करा, प्रश्न मिटला. आणि रुंद केली की ती बाटलीच्या तोंडात जात नाही. शास्त्र आणि संसार यांच्यात हे असं अर्ध्या सेंटिमीटरने अडतं.

कोरड्या जिनसांची आणखी वेगळी तऱ्हा. मोहरी गुणी, एका ओळीत जाते. साखर बरी, पावसाळा सोडून. रवा मात्र नळीच्या तोंडाशी कमान बांधून बसतो. खालून पोकळ, वरून ढीग. त्याला टपली द्यावी लागते. कणकेचं नावच काढू नका. वर्षाचं तिखट बरणीत भरायला आई नरसाळं घ्यायचीच नाही, वर्तमानपत्राचा कोन करायची, टोक कात्रीने उडवायची आणि तोंडाला पदर बांधून भरायची. काम झालं की नरसाळं चुलीत. धुणं नाही, वास नाही, मिसळामिसळ नाही. माझ्या वहीतलं एकही चित्र याच्या जवळपास जात नाही, हे मला मान्य आहे.

सगळ्यात देखणं नरसाळं मी आजोळी बघितलं. कोरेगावाकडे मामांची जिरायत होती. मृगाचा पाऊस झाला की पाभर निघायची. पाभरीवरचं चाडं म्हणजे लाकडी वाटीच. तळाला भोकं, भोकांतून नळ्या, नळ्या थेट फणांपर्यंत. वरून बी सोडायचं, खाली तासात, म्हणजे फणाने काढलेल्या चरीत, पडायचं. तिथे सांडण्याची भीती नाही, सांडायचंच आहे, फक्त सारखं सांडलं पाहिजे. चाडं बिचारं वाटून देतं, मापाचं काम मुठीचं. मामांची मूठ चाड्यावर आली की बोटांच्या फटीतून बाजरी अशी झरायची की हात हलतोय असं वाटायचंच नाही. मी हट्ट केला म्हणून एका वर्षी दोन तासांपुरती मला मूठ धरू दिली. पंधरा दिवसांनी पीक वर आलं तेव्हा माझी दोन तासं बांधावरून ओळखू येत होती. इथे झिंज्या, तिथे टक्कल. मामा आल्यागेल्याला दाखवायचे, "हे आमच्या भाच्याचं अक्षर."

नरसाळ्याकडे नुसतं बघत बसणं हेही जगात कुणाचं तरी काम असतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात एक काचेचं नरसाळं आहे. 1927 साली थॉमस पार्नेल नावाच्या प्राध्यापकांनी त्यात डांबरासारखा पदार्थ तापवून ओतला. तो हातोडीने फुटतो इतका टणक, पण आहे मुळात द्रवच, हे पोरांना दाखवायचं होतं. तीन वर्षं तो निवू दिला आणि 1930 मध्ये खालचं तोंड कापलं. तेव्हापासून 2014 पर्यंत थेंब पडले नऊ. पार्नेल यांच्यानंतर जॉन मेनस्टोन यांनी अनेक दशकं ते नरसाळं सांभाळलं, पण एकही थेंब पडताना त्यांना दिसला नाही. 2000 साली कॅमेरा लावला होता, तर नेमका तोच बिघडला. 2013 मध्ये ते गेले आणि पुढच्या एप्रिलात नववा थेंब पडला. थंडीत आमच्या खोबरेल तेलाचा गोळा नळीत अडकतो आणि ही गिझरखाली नरसाळं धरून उभी राहते, तेव्हा मला हटकून मेनस्टोन आठवतात. तिला एकदा सांगायला गेलो. ती म्हणाली, "तेवढा गिझर बंद करा."

तर माझं नरसाळं. त्याला बाहेरून हवेची वाट असणार, तळाशी अंगठ्याने बंद होणारी झडप असणार, म्हणजे उचलताना थेंब नाही. बाटली भरत आली की ते आपणहून कळवणार. हे शेवटचंच जमत नाही. तरंगता गोळा काढून बघितला, शिट्टी काढून बघितली. कागदावरसुद्धा जमत नाही.

अण्णा शेवटचे अडीच महिने नाकातल्या नळीवर होते. झटक्यानंतर वाचा गेली होती आणि गिळणंही. घरी आणलं तेव्हा नर्सबाईंनी मला शिकवलं. मोठी 50 मिलीची सिरिंज घ्यायची, तिचा दट्ट्या काढून टाकायचा. दट्ट्या काढला की उरतं ते नरसाळंच. उशाकडून पलंग उंच करायचा, नळी चिमटीत दाबून सिरिंज जोडायची, पेज ओतायची आणि चिमूट सोडायची. दाबायचं नाही, आपल्या वजनाने जाऊ द्यायचं. वर धरलं की भरभर उतरतं, खाली आणलं की सावकाश. पूर्ण रिकामी होऊ द्यायची नाही, नाही तर हवा जाते. नाचणीची पेज दोनदा गाळायचो, तरी एखादा कण अडकायचाच. मग नळीवर हलकी टिचकी. दर दोन तासांनी 200 मिली, असं कागदावर लिहिलेलं होतं. तो कागद पलंगाशेजारी भिंतीला चिकटवलेला.

एका दुपारी 160 मिली गेली असेल. सिरिंजमध्ये बोटभर पेज होती, बाकीची वाटीत. अण्णांनी उजवा हात चादरीवरून चार बोटं वर उचलला आणि पंजा आडवा केला. तो हात मी ओळखत होतो. मी म्हटलं, "झालं हं अण्णा, थोडीच राहिली." त्यांनी पुन्हा तसाच हात केला आणि नजर वर, सिरिंजकडे नेली.

मी भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं आणि वाटीतली उरलेली पेज ओतली.