तुम्ही विचारलंत म्हणून: अनुवादक की भाषांतरकार?

गेली बरीच वर्षे दुसऱ्या भाषेतील पुस्तके मराठीत आणण्याचे काम मी करतो, आणि जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमात ओळख करून देणारी व्यक्ती व्यासपीठावर जाण्याआधी हळूच विचारते, ‘आपल्याला अनुवादक म्हणू की भाषांतरकार?’ वाचकही हेच विचारतात आणि पुष्कळदा उत्तरही स्वतःच देऊन टाकतात: शब्दाला शब्द ठेवतो तो भाषांतरकार, आशय आणतो तो अनुवादक. हा भेद सोयीचा आहे खरा, परंतु तो या दोन शब्दांच्या पोटात कुठेही नाही. आपण तो बाहेरून त्यांच्यावर बसवला आहे. मी स्वतःला अनुवादक म्हणवतो, पण ते या कारणासाठी नव्हे.

देशांतर म्हणजे मुळात दुसरा देश, मग तेथे जाणे. त्याच रीतीने भाषांतर म्हणजे मुळात दुसरी भाषा, आणि मग त्या भाषेत नेणे. त्याला जोडलेला ‘कार’ कारागिरांचा आहे. कुंभकाराचा कुंभार आणि सुवर्णकाराचा सोनार झाला, तोच हा ‘कार’, आणि त्या पंगतीत बसण्यात मला कसलाही संकोच नाही. तर्जुमा हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्याचे घराणे इतके जुने आहे की प्राचीन मेसोपोटेमियातील अक्कादियन भाषेतही दुभाष्याला ‘तर्गुमानु’ म्हणत.

इंग्रजी ‘ट्रान्सलेशन’ मात्र मला थोडे खटकते. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ पलीकडे वाहून नेणे असा आहे, आणि मध्ययुगीन युरोपात एखाद्या संताच्या अस्थी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवण्यालाही हाच शब्द वापरत. अस्थी हलवल्या की पहिली जागा रिकामी होते. पुस्तकाचे तसे होत नाही. मी कितीही खटपट केली तरी मूळ पुस्तक आपल्या जागी, आपल्या भाषेत बोलतच राहते.

‘अनुवाद’ या शब्दात हे मूळचे बोलणे गृहीतच धरलेले आहे. वद् म्हणजे बोलणे आणि अनु म्हणजे मागाहून. मागून जन्मलेला तो अनुज, मागून चालणारा तो अनुयायी, स्वराच्या मागून उमटणारा तो अनुस्वार, आणि आधी कोणी बोलून गेल्यावर मागाहून बोलणे म्हणजे अनुवाद. (नुसता ‘वादक’ मात्र वाद्याला बोलायला लावतो, तोही याच धातूचा.) संस्कृत शास्त्रांत या शब्दाचा भाषेच्या बदलाशी काही संबंध नव्हता. आधीच ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा सांगणे, एवढाच त्याचा अर्थ होता. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांचे ठरलेले उदाहरण ‘अग्निर्हिमस्य भेषजम्’ असे आहे: अग्नी हे थंडीवरचे औषध, हे वेदाने सांगण्यापूर्वीही शेकोटीपाशी बसलेल्या प्रत्येकाला माहीत असते. दुसऱ्या भाषेत सांगणे हा अर्थ त्या शब्दाला फार पुढे चिकटला.

पण माझ्या मनात घर केले ते न्यायसूत्रांतील, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथातील, एका आक्षेपाने. आक्षेप घेणारा म्हणतो की अनुवाद आणि पुनरुक्ती यांत फरक तो काय, दोन्हीकडे तेच शब्द पुन्हा येतात. त्यावरचे उत्तर मोठे मार्मिक आहे. निघालेल्या माणसाला आपण ‘लवकर जा, लवकर’ असे बजावतो, तेव्हा दुसरा ‘लवकर’ वाया जात नाही, त्याने पावले अधिक भरभर पडतात. जे पुन्हा सांगणे निष्प्रयोजन असते ती पुनरुक्ती, आणि सप्रयोजन असते तो अनुवाद. हे वाचले तेव्हा मी एका कादंबरीवर काम करत होतो आणि एकाच वाक्यापाशी चार दिवस अडकून पडलो होतो.

त्या कादंबरीतला वृद्ध बाप मुलाला पत्रात लिहितो की त्या घरात ‘वी’ सुखी होतो. इंग्रजी ‘वी’ इतका प्रशस्त असतो की त्यात कोण कोण उभे आहे हे विचारावे लागत नाही. मराठीत ‘आम्ही सुखी होतो’ असे लिहिले की बाप आणि आई सुखी होते आणि मुलगा ते दारातून पाहत होता; ‘आपण सुखी होतो’ असे लिहिले की मुलगाही त्या सुखात आला. सगळी कादंबरी या बापलेकांच्या तुटलेपणाची होती, त्यामुळे एवढ्या एका सर्वनामाने तिचा तोल इकडचा तिकडे जाणार होता. ‘त्या घरात दिवस सुखात गेले’ अशी पळवाट आमच्या धंद्यात नेहमीची आहे, आणि मीही ती काढून पाहिली. पण पुढच्याच तीन वाक्यांत तो ‘वी’ पुन्हा येत होता आणि दर वेळी त्याला गाळले की पत्र कोणा तिऱ्हाइताने लिहिल्यासारखे वाटे.

शेवटी मी लेखकालाच पत्र पाठवून विचारले. आठवड्याने दोन ओळींचे उत्तर आले. याचा आपण कधी विचारच केला नव्हता, असे त्यांनी लिहिले होते, आणि उलट मलाच विचारले होते की तुमच्या भाषेत हे ठरवावेच लागते का. ठरवावे लागते, असे मी कळवले. मग महिनाभराने, छपाई अगदी तोंडावर आली असताना, त्यांचे आणखी एक पत्र आले: पहिल्या ठिकाणी मुलाला वगळा, शेवटच्या ठिकाणी घ्या.

मी तसे केले. त्या पानावर ‘आम्ही’ तीनदा येतो आणि ‘आपण’ एकदा.