माल्टीज प्रेसेप्यू: खडक आणि घर उभं, आता जुल्बीना (बाळ येशूभोवती ठेवायचे अंधारातले कोंब) पेरायची

आधी काम कुठवर आलंय ते. पाया, खडक, गुहा आणि पुढचं घर पूर्ण. मागचा गिर्ना (शेतातली दगडी खोपी) उभा आहे, रंग बाकी. पवनचक्कीचा बुरूज झाला, पाती नाहीत. शेतांचे बांध निम्मे झालेत. जुन्या मूर्तींची डागडुजी चालू आहे आणि दिव्यांची तार खडकाच्या आतून ओढून ठेवली आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: प्रेसेप्यू म्हणजे माल्टातला येशूजन्माचा देखावा. पहिला प्रेसेप्यू १६१७ साली रबातच्या डोमिनिकन मठात झाला असं मानतात. तो सामान्य घरांत रुजवण्यात धर्मगुरू दुन जॉर्ज प्रेका यांच्या ‘म्युझियम’ या धर्मशिक्षण देणाऱ्या संस्थेचा मोठा वाटा. बाळ येशूची मूर्ती घेऊन नाताळच्या आदल्या संध्याकाळी मिरवणूक काढायची प्रथा या संस्थेने १९२१ साली सुरू केली. दुसऱ्या महायुद्धानंतर लाखाच्या वर माल्टीज माणसं देश सोडून गेली. १९४८ च्या करारामुळे ऑस्ट्रेलियाचं भाडं सरकारी मदतीने परवडू लागलं आणि त्यातले निम्म्याहून जास्त तिकडेच गेले. मेलबर्नच्या सनशाइन, सेंट आल्बन्स भागात आणि सिडनीच्या पेंडल हिल, ग्रेस्टेन्सला त्यांची मोठी वस्ती झाली. या वस्त्यांतले जुने प्रेसेप्यू पाहिले की एक गोष्ट लगेच कळते. गोठा बेथलेहेमचा असतो, बाकी सगळं आपलं सोडून आलेलं गाव असतं. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: वेळ घालवायचा तो दगडावर आणि बांधांवर. तारा आणि देवदूत शेवटच्या दिवशी लावले तरी चालतात.

माप

पुढच्या मूर्ती १० सेंमी उंच आहेत. माणूस १६५ सेंमी धरला तर प्रमाण १:१६.५. मधल्या टप्प्यात ७ सेंमीच्या, म्हणजे साधारण १:२४. मागे टेकडीवर ४ सेंमीच्या, म्हणजे १:४१. मूर्ती लहान होत गेल्या की ६० सेंमी खोलीच्या पाटावर अख्खं शिवार मावतं. पाट ९० × ६० सेंमी, १२ मिमी प्लायचा, खाली दोन आडव्या पट्ट्या. पट्ट्या नसतील तर ओल्या थरांनी प्लाय वाकतो आणि पुढचं घर कायमचं कलतं.

बहुतेकांचं चुकतं ते दगडांच्या थरांत. माल्टातला बांधकामाचा दगड ठरावीक उंचीचा कापतात, एक थर साधारण २६७ मिमी. म्हणजे पुढच्या घरावर १६ मिमीचा थर, मधल्यावर ११, मागच्यावर साडेसहा. सगळीकडे एकाच मापाच्या रेघा ओढल्या की मागचं घर लांबचं न दिसता नुसतं बुटकं दिसतं. मूर्ती कितीही नेमक्या मापाच्या असल्या तरी मग उपयोग नाही.

घर

साध्या थर्माकोलच्या नादी लागू नका. सुरीखाली त्याचे मणी सुटतात आणि दगडाची कड येत नाही. कडक एक्स्ट्रूडेड फोमची २० मिमी शीट घ्या. थराच्या रेघा बोथट पेन्सिलीने, पट्टी लावून, दोनदा ओढायच्या. पहिली हलकी, दुसरी दाबून. एकदम दाबली की फोम फाटतो. उभे सांधे खालच्या थराच्या सांध्यावर येऊ द्यायचे नाहीत. मग अॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा सगळीकडे दाबत फिरवायचा. जमिनीलगतच्या दोन-तीन थरांत टूथपिकने बारीक, वेडीवाकडी भोकं पाडायची. हा बांधकामाचा दगड, ग्लोबिजेरिना चुनखडक, मऊ असतो. खारी ओल वर चढते, मीठ आत स्फटिक धरतं आणि दगड आतून खात जातं. माल्टातल्या जुन्या भिंतीचा पायथा असा जाळीदार झालेला असतो. वरचे थर मात्र सपाट ठेवा, नाहीतर भिंतीला देवी आल्यासारखं दिसतं.

छत सपाट. आत लाकूड जवळजवळ नाही, कारण बेटावर ते कधीच मुबलक नव्हतं. खोलीवर दगडी कमानी टाकायच्या आणि कमानीवरून कमानीवर दगडी फरश्या, यांना शोरोक म्हणतात. फरशी फार लांब असली तर तुटते, म्हणून कमानी जवळजवळ असतात. आपल्या मापात दोन कमानींमध्ये ७५ ते ९० मिमी पुरे. घराची पुढची भिंत अर्धी उघडी ठेवली तर या कमानी दिसतात, आणि माल्टीज माणूस आधी तिथेच वाकून बघतो.

रंग: पांढरा अॅक्रिलिक ५ भाग, यलो ऑकर २ भाग, रॉ अंबर अर्धा भाग. वाळल्यावर बर्न्ट अंबर दहापट पाण्यात पातळ करून वरून सोडायचा, दोन मिनिटांनी ओल्या फडक्याने टिपायचा. शेवटी फिकट मलई रंग जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर. ऑकर वाढला की दगड हळदीचा दिसतो. त्यापेक्षा फिका राहिलेला बरा. स्प्रे पेंट आणि सॉल्व्हंटवाला गोंद फोमला लावू नका, फोम विरघळतो. पांढरा गोंद पुरतो.

खडक आणि गुहा

जुनी पद्धत म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर गोणपाट आणि खळीत बुडवलेला कागद. आम्ही सांगाड्याऐवजी फोमचे तुकडे रचले, बाकी तसंच. खळ: मैदा १०० ग्रॅम, पाणी ६०० मिली. मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवून घ्या, मग उकळत्या पाण्यात ओता आणि चकाकी येईपर्यंत ढवळा. उतरवल्यावर चिमूटभर मोरचूद, नाहीतर पुढच्या वर्षी झुरळं आणि कसर प्रेसेप्यू खाऊन टाकतील. मोरचूद विषारी आहे. हातमोजे घाला आणि भांडं परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

तपकिरी कागद चुरगळायचा, उलगडायचा, परत चुरगळायचा, मग खळीत बुडवून बसवायचा. चार थर. प्रत्येक थर पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा नाही. घाई केली की आतली ओल अडकते, बुरशी येते आणि गुहेचं छत बसतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पंखा लावूनही दोन दिवस लागतात. मेलबर्नच्या कोरड्या उन्हात उलटा त्रास: वरचा कागद भराभर आकसून फाटतो, म्हणून सावलीत वाळवा. घड्या आडव्या ठेवायच्या. माल्टाचा चुनखडक थरांचा आहे, उभ्या सुळक्यांचा नाही.

गुहेचं तोंड पुढच्या मूर्तीच्या अडीचपट, म्हणजे २५ सेंमी. त्याहून मोठं ठेवलं तर मारिया आणि जुझेप्पी (जोसेफ) आत हरवतात.

शिवार

हे राहिलेलं काम सगळ्यात वेळखाऊ, आणि आमच्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं. शेतांचे बांध कोरड्या रचाईचे असतात. दोन बाजूंना मोठे दगड, मध्ये बारीक खडीचा भराव, दोन्ही तोंडं वर जाताना किंचित आत झुकलेली. पावसाचं पाणी त्या फटींतून निघून जातं आणि माती मागे राहते. चुन्याने सांधे भरले असते तर पाणी तुंबून बांधच ढासळला असता. १९९७ पासून या बांधांना माल्टात कायद्याने संरक्षण आहे.

पुढच्या बांधाची उंची ७५ मिमी. खऱ्या चुनखडीची खडी घ्या, ५ ते २० मिमी, मिसळ. एकाच मापाची चाळून घेतलेली खडी लावली की बांध बंगल्याच्या कुंपणासारखा दिसतो. गोंद फक्त मधल्या भरावात. तोंडाच्या दगडांवर गोंद दिसला की वाळल्यावर चकाकतो, आणि ती चकाकी नंतर रंगानेही झाकत नाही. मोठे दगड तळाला, दर हातभर एखादा आडवा, आरपार.

गिर्ना ही शेतातली दगडी खोपी, मेल्लिएहा आणि मनिकाताकडे अजून पुष्कळ उभ्या आहेत. घुमट कमानीचा नाही. प्रत्येक वलय खालच्यापेक्षा थोडं आत सरकवत नेतात आणि वर एका फरशीने तोंड बंद करतात. १:४१ ला बाहेरचा व्यास ११ सेंमी. दर वलय २ मिमी आत. ३ मिमी केलं की दार लावायच्या आधीच छप्पर मिटतं.

हिरवाई विसरू नका. माल्टात पाऊस शरदापासून पडतो, त्यामुळे डिसेंबरात शेतं हिरवी असतात आणि उन्हाळ्यात करपलेली. ऑस्ट्रेलियात नेमकं उलट, म्हणून तिथले काही नवे प्रेसेप्यू पिवळ्या गवताचे दिसतात. बर्फ तर अजिबात नको, कापूस पेटीतच ठेवा. फड्या निवडुंगाची पानं १८ मिमी लांब, जाड कागदाची, पण लाल फळं लावू नका; त्यांचा हंगाम उन्हाळ्याच्या शेवटी संपतो. बांधाच्या पायथ्याशी आंबुशीच्या जातीच्या पिवळ्या फुलांचे चार-दोन ठिपके चालतील. ती वनस्पती एकोणिसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेतून आली, म्हणजे येशूच्या काळात तिथे नव्हती. निवडुंग अमेरिकेतला. पवनचक्कीही नव्हती. पण प्रेसेप्यूत पवनचक्की हवीच: चौकोनी घराच्या मधून वर निघणारा गोल बुरूज आणि सहा पाती, चार नव्हे.

जुन्या मूर्ती

पास्तुरी म्हणजे साच्यातल्या मातीच्या मूर्ती. झोपलेला मेंढपाळ, हात उंचावून थक्क झालेला माणूस, पिशवीचं वाद्य (बॅगपाइप) वाजवणारा, डोक्यावर पिठाचं पोतं घेतलेली बाई. स्थलांतरितांच्या ट्रंकांतून आलेल्या मूर्तींवर पुष्कळदा पाण्यात विरघळणारा रंग असतो. ओलं फडकं फिरवलं की चेहरा जातो. आधी तळाशी, न दिसणाऱ्या जागी, किंचित ओला कापसाचा बोळा टेकवून बघा. रंग उतरला तर फक्त कोरडा मऊ ब्रश. तुटलेला हात जोडायला पॅरालॉइड बी-७२ ही अॅक्रिलिक राळ अॅसिटोनमध्ये विरघळवून, फक्त तुटलेल्या तोंडांवर. उद्या कुणाला जोड सोडवायचा असेल तर सोडवता येतो. सुपरग्लूचा जोड सुटताना माती बरोबर घेऊन येतो. उडालेला रंग नव्याने भरण्याचा मोह टाळा. नवी मूर्ती करायची असेल तर साचा ११ सेंमीचा घ्या, माती वाळून-भाजून सुमारे दहा टक्के आकसते.

प्रत्येक मूर्तीच्या तळाला मऊ पेन्सिलीने क्रमांक, आणि वहीत तिचं घराणं, मूळ गाव, कोणत्या साली बोटीतून आली. माल्टात आडनावं मोजकी, बोर्ग, कामिल्लेरी, वेल्ला जिकडेतिकडे. तेव्हा घराण्याचं टोपणनावही लिहा, नाहीतर दहा वर्षांनी कोणती कोणाची ते कळणार नाही.

जुल्बीना

पसरट ताटलीत अंधारात उगवलेले पांढरट, लांब कोंब, बाळ येशूभोवती ठेवायचे. घट बसवणाऱ्यांना ते फिकट धान नवं नाही. मूळ बी लाखोळीच्या कुळातलं. ऑस्ट्रेलियात बियाणं टपालाने मागवू नका, जैवसुरक्षा विभाग जप्त करू शकतो. अख्खा मसूर किंवा गहू तिथेच मिळतो आणि चालतो.

१५ सेंमीच्या ताटलीला ३० ते ३५ ग्रॅम मसूर. बारा तास भिजवा. दीड सेंमी कापूस ओला करून पिळा, त्यावर बी एकच थर, दाण्याला दाणा लागेल इतकं दाट. कपाटात ठेवून रोज फवारा. ताटली तिरकी केल्यावर पाणी ओघळलं तर ते जास्त आहे, काढून टाका. कुजण्याचं कारण नव्वद टक्के वेळा हेच. माल्टाच्या थंडीत, पंधरा अंशांच्या आसपास, तीन-चार आठवडे लागतात. मेलबर्नच्या डिसेंबरात किंवा आपल्याकडे दहा-बारा दिवसांत कोंब वीतभर होतात आणि मग लोळतात. तेव्हा १० डिसेंबरच्या आधी पेरू नका. कपाट मध्येच उघडून बघत बसू नका: उजेड लागला की हरितद्रव्य तयार होतं आणि दोन दिवसांत सगळं हिरवं. २४ तारखेला संध्याकाळीच बाहेर काढा, मध्यावर सैल फीत बांधा.

पुढचं

दिवे: गुहेत एक, घरात दोन, २७०० केल्विनचे पिवळसर एलईडी, ५ व्होल्टच्या चार्जरवर, प्रत्येकाला स्वतंत्र २२० ओहमचा रोधक. तिघांना मिळून एकच लावला तर उजेड सारखा पडत नाही. लुकलुकणारी माळ नको.

मांडणीत बाळाची मूर्ती २४ च्या मध्यरात्रीपर्यंत ठेवायची नाही, गव्हाण रिकामी. तीन राजे मागच्या टेकडीवरून निघतात आणि रोज थोडे पुढे सरकत ६ जानेवारीला गुहेशी पोचतात. आपल्या मापांच्या हिशेबात याला अडचण आहे: टेकडीवर ४ सेंमीचे, पुढे १० सेंमीचे. म्हणून राजांचे तीन संच लागतील. मधल्या संचातला एक उंट अजून मिळालेला नाही. कुणाकडे ७ सेंमीच्या माणसाला शोभेल असा उंटाचा साचा असेल तर कळवा.