आनाकार्दो म्हणजे काजू

गोव्यातल्या हरमलच्या किनाऱ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझी फार्मसी आहे. ऑक्टोबर ते मार्च मान वर करायला फुरसत नसते आणि पावसाळ्यात दिवसभरात मोजकी गिऱ्हाइकं. गेले दोन पावसाळे त्या रिकाम्या दुपारी मी स्पॅनिश शिकतेय. वर्तमानकाळ आणि दुखण्याखुपण्याचे, अडीअडचणीचे शब्द, एवढंच ठरवून.

सुरुवात माझ्या चुकीने झाली. जानेवारीत स्पेनचे एक साठीचे गृहस्थ आले आणि तुटक इंग्रजीत म्हणाले, "आय ॲम कॉन्स्टिपेटेड." मी बद्धकोष्ठाचं पातळ औषध दिलं. दुसऱ्या सकाळी त्यांची बायको आली, चेहरा उतरलेला. नवऱ्याला रात्रभर जुलाब, आणि सर्दी होती तिथेच. स्पेनमध्ये 'एस्तॉय कोन्स्तिपादो' म्हणजे 'मला सर्दी झालीय'. बद्धकोष्ठाला 'एस्त्रेन्यिदो'. मी ओआरएस दिलं, माफी मागितली, पण ती गोष्ट मनातून जाईना. बावीस वर्षं काउंटरमागे उभी आहे. 'नेमकं काय होतंय' हे विचारल्याशिवाय औषध द्यायचं नाही हा माझा नियम, आणि त्या दिवशी मी विचारलंच नव्हतं. (मेक्सिकोकडच्या माणसाने तोच शब्द वापरला तर त्याला बद्धकोष्ठच झालेलं असू शकतं. म्हणून आता मी आधी विचारते, 'नारीस ओ बार्रीगा?' नाक की पोट?)

अशाच एका शब्दाने एका मुलाचं आयुष्य उद्ध्वस्त झालंय. 1980 साली फ्लोरिडात अठरा वर्षांच्या मुलाला बेशुद्धावस्थेत इस्पितळात आणलं. घरचे क्यूबाचे. ते 'इन्तोक्सिकादो' म्हणाले, म्हणजे काहीतरी खाण्यातून बाधलंय. डॉक्टरांनी इंग्रजी कानाने 'इन्टॉक्सिकेटेड', म्हणजे नशेत, असं ऐकलं आणि नशेचा अतिरेक समजून उपचार केले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. नंतर सुमारे 7 कोटी 10 लाख डॉलरची भरपाई ठरली. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

शिकायला लागले ती मोबाइलवर, इंग्रजीतून. महिनाभर अडखळतच होते. 'आय हॅव अ हेडेक' म्हणजे 'मे दुएले ला काबेथा'. यात 'मी' गेला कुठे, क्रियापद कुणाचं, काही केल्या बसेना. मग एका दुपारी वहीत त्याच्याखाली मराठी लिहिलं: मला दुखतं डोकं. जागच्या जागी सुटलं! दुखतं ते डोकं, मी नव्हे. कान दोन, म्हणून 'दुएलेन', कान दुखतात. 'मे गुस्ता' म्हणजे मला आवडतं. आपण जन्मापासून असंच बोलतो. मी उगीच इंग्रजीचा वळसा घेत होते.

त्यानंतर प्रत्येक वाक्य आधी मराठीत ठेवून बघायला लागले. 'हाब्लो' (बोलते) म्हटलं की 'मी' वेगळा लागत नाही, जसं आपण नुसतं 'येते हं' म्हणतो. 'तू' तर तूच आहे. आदराचं 'उस्तेद' आपल्या 'आपण'सारखं. फक्त त्याला क्रियापद आणि सर्वनाम दोन्ही तृतीयपुरुषी लागतात. म्हणून तरुण पोराला 'ते दुएले?' आणि त्याच्या आजीला 'ले दुएले?' सगळ्यात सुंदर जुळणी कालपासूनची. इंग्रजीत 'हॅज बीन' वगैरे करावं लागतं. स्पॅनिशमध्ये 'मे दुएले देस्दे आयेर', कालपासून दुखतंय. 'आथे दोस दीआस के तेंगो फिएब्रे', दोन दिवस झाले ताप आहे. शब्दाला शब्द! औषधवाल्याचा महत्त्वाचा प्रश्न 'कधीपासून?', आणि तो साध्या वर्तमानकाळात सुटतो.

अवघड गेलं ते 'आहे'. आपल्याकडे एक, त्यांच्याकडे दोन. 'सोय' हे कायमचं: सोय दिआबेतिका, मी मधुमेही आहे. 'एस्तॉय' हे आत्ताचं: एस्तॉय मारेआदा, मला गरगरतंय. गरोदर बाई 'एस्तॉय' म्हणते. आणि तापाला तर 'आहे' चालतच नाही, तिथे 'तेंगो', माझ्याजवळ ताप आहे.

-आर वाली क्रियापदं मामंजींनी पाठ करून घेतली. वय एक्याऐंशी. 1961 पूर्वी पेडण्यात पोर्तुगीज शाळेत गेलेले. स्पॅनिश येत नाही, पण 'पागार' (पैसे देणे) ऐकल्याबरोबर म्हणाले, "अगो, हा तर आपला पगार!" पागो, पागास, पागा, पागामोस, पागाइस, पागान. पोर्तुगीजांनी दिलेले साबण, चावी स्पॅनिशमध्ये खाबोन, यावे होऊन भेटतात. इस्पितळ 'ओस्पिताल', ह मुका. खोकल्याचं औषध 'खाराबे'; ते आणि आपलं सरबत एकाच अरबी धातूतले. आणि 'सोकोरो!', म्हणजे 'वाचवा!', हे मला वेगळं शिकावंच लागलं नाही. पर्वरीजवळचं सुकूर गाव कागदोपत्री सोकोरोच.

पण प्रत्येक शब्द असा ओळखीचा निघत नाही. 'से आओगा' म्हणजे तो बुडतोय, आणि घास अडकून गुदमरतोय हेही. किनाऱ्यावर दोन्ही घडतं, म्हणून ऐकणाऱ्याने आधी बघायचं. 'पिका' म्हणजे खाजतंय, आणि तिखट लागतंय हेही.

गेल्या डिसेंबरातली संध्याकाळ. एक बाई नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ओढत दुकानात शिरली. मुलाचे ओठ सुजलेले, मान पुढे काढून श्वास घेत होता, छातीतून शिट्टीसारखा आवाज. ती एकच शब्द ओरडत होती, 'आनाकार्दो, आनाकार्दो!' पोर्तुगीजांनी आपल्याला 'काजू' दिला, स्पेनच्या माणसाला तो शब्द ठाऊक नसतो. पण आनाकार्दियम ऑक्सिडेंटाले हे झाडाचं शास्त्रीय नाव मी कॉलेजात घोकलं होतं. मुलाने शेजारच्या शॅकवर, किनाऱ्यावरच्या खानावळीत, काजूच्या वाटणाची भाजी खाल्ली होती.

"एस आलेर्खिको?" ॲलर्जी आहे का?

"सी, सी! नो पुएदे रेस्पिरार!" हो, हो! श्वास घेता येत नाहीये!

"तिएने आद्रेनालिना?" ॲड्रेनालिन आहे का?

तिने पिशवी काउंटरवर उपडी केली. सनस्क्रीन, पासपोर्ट, वाळू, आणि दोन पेनं, म्हणजे ॲड्रेनालिनची तयार इंजेक्शनं. तिचे हात थरथरत होते. मी मुलाचा पाय धरला, तिने मांडीच्या बाहेरच्या बाजूला पेन दाबलं, आणि आम्ही दोघींनी मोठ्याने मोजलं, उनो, दोस, त्रेस. दुकानातल्या पोऱ्याने तोवर 108 लावला होता. मुलाला बसतंच ठेवलं, आडवं केलं तर श्वास आणखी कोंडला असता.

काही मिनिटांत शिट्टी कमी झाली. मुलगा रडायला लागला, आई हसायला लागली. रुग्णवाहिका आली तर आई म्हणे, आता बरा आहे, खोलीवर नेते. इथे माझी खरी परीक्षा होती. आद्रेनालिनाचा असर उतरला की काही तासांनी तोच त्रास पुन्हा उसळू शकतो. मला भविष्यकाळ येत नाही. पण वर्तमानकाळ पुरला. 'पुएदे बोल्बेर.' परत येऊ शकतं. दोनदा म्हटलं, तिचा हात धरून. ती एकदम गप्प झाली आणि मुलाबरोबर गाडीत चढली. रात्र म्हापशाच्या इस्पितळात काढली.

तिसऱ्या दिवशी दोघं दुकानात आली. 'या रेस्पिरा ब्येन,' ती म्हणाली. आता नीट श्वास घेतो. मुलगा बाहेर मांजराला हात लावत बसला होता. मी तिला एका चिठ्ठीवर 112 लिहून दिला. युरोपात 1991 पासून ठरलेला हाच आकडा इथेही चालतो. तिला तो घरचाच, पण इथे लागेल हे ठाऊक नव्हतं.

काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या माझ्या शब्दांच्या कागदावर आता सगळ्यात वर लाल शाईने 'आनाकार्दो – काजू' आहे. तसाच एक कागद शॅकवाल्या पोरांना दिलाय. ऑर्डर घेताना ती विचारतात, 'आलेर्खिया?' 'खि' त्यांना जमत नाही, ती 'जी' म्हणतात. तरी कळतं.