दुसऱ्या परिच्छेदात ‘मला वाईट वाटलं’

मंगळवार, रात्री साडेअकरा

बॅचचे रिफ्लेक्शन, म्हणजे वैद्यकीय विद्यार्थ्यांनी लिहिलेले आत्मचिंतनाचे लेख, तपासायला बसले. २८ आहेत, १९ झाले. विषय मीच दिलेला: वॉर्डात रुग्णाशी बोलताना जिथे अडखळलात असा एक प्रसंग लिहा. १९ पैकी १६ जणांनी ‘मला वाईट वाटलं’ असं लिहिलंय आणि बहुतेकांनी ते दुसऱ्या परिच्छेदात लिहिलंय.

दुसऱ्याच का, ते कळायला वेळ लागला नाही. ग्रॅहम गिब्जचं १९८८ चं चिंतनाचं चक्र मीच फळ्यावर काढून दिलं होतं. काय घडलं, काय वाटलं, चांगलं-वाईट काय होतं, असं का झालं, यातून काय निघालं, पुढच्या वेळी काय करशील. सहा टप्पे, म्हणून सहा परिच्छेद. ‘काय वाटलं’ दुसऱ्या क्रमांकावर, म्हणून तिथे वाईट वाटायचं. पोरं हुशार आहेत, गुण कुठे पडतात ते त्यांना बरोबर कळतं.

एकीने लिहिलंय की नातेवाइकांना निदान सांगताना तिचे डोळे भरून आले आणि त्या क्षणी ती खऱ्या अर्थाने डॉक्टर झाली. त्या दिवशी मी त्याच खाटेशेजारी उभी होते. निदान मी सांगितलं होतं. ती मागे फाइल धरून उभी होती. रुब्रिकप्रमाणे, म्हणजे गुण देण्याच्या ठरलेल्या निकषांप्रमाणे, मात्र तिला वरची पायरी द्यावी लागते. हेडी वाल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलेली ‘रिफ्लेक्ट’ रुब्रिक आम्ही वापरतो. सवयीने केलेल्या कामाच्या कोरड्या नोंदीपासून स्वतःच्या गृहीतकांनाच हात घालणाऱ्या चिंतनापर्यंत चार पायऱ्या. तिच्या लेखात भावना आहे, विश्लेषण आहे, बदललेला दृष्टिकोन आहे. नाही तो फक्त प्रसंग.

हे तिला मीच शिकवलं असेल. मागे एका मुलीच्या लेखाखाली मी लाल पेनाने लिहिलं होतं, ‘छान, पण अजून खोलात जा.’ पुढच्या वेळी तिने तीन पानं आणून दिली. ‘अंतर्मुख’ हा शब्द त्यात पाच वेळा होता.

आणि मग चौदावा लेख. अकरा ओळी. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर. त्यातला मधला भाग इथे उतरवून ठेवते:

‘मी विचारलं, पोटात दुखतं का? आजोबा म्हणाले, दुखायचं काय, आता सवय झाली. मी पुढचा प्रश्न विचारला. रात्री केस लिहून काढताना बघितलं तर मी वेदना: नाही असं लिहिलेलं. आजोबा नाही म्हणालेच नव्हते.’

बास. वाईट वाटल्याचा उल्लेख नाही, पुढचा बेत नाही. रुब्रिकवर हा मुलगा दुसऱ्या पायरीवर अडकतो.

दर वर्षी मी बेकमन आणि फ्रँकेल यांचा १९८४ चा अभ्यास सांगते. त्यांनी डॉक्टर-रुग्णांच्या ७४ भेटी रेकॉर्ड करून तपासल्या. रुग्ण बोलायला लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते. वर्ग हसतो. आपण तसं करत नाही, अशी प्रत्येकाची खात्री असते. या मुलाने तर आजोबांना तोडलंही नाही. वाक्य पूर्ण होऊ दिलं, मानही डोलावली असेल, आणि मग ‘नाही’ लिहिलं. ओस्कीच्या, म्हणजे टप्प्याटप्प्याच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या, स्टेशनवर हातात चेकलिस्ट घेऊन मी बसले असते तर त्याला पूर्ण गुण दिले असते. प्रश्न विचारला, टिक. मध्ये बोलला नाही, टिक. त्या चेकलिस्टमधून जे निसटलं असतं ते त्याचं त्यालाच सापडलं, तेही लिहायला बसला म्हणून.

अर्थात उलटंही आहे. याच बॅचमधली एक मुलगी इतकी रटाळ लिहिते की वाचवत नाही. पण रुग्ण सिस्टरना विचारतात, ती मुलगी आज आली नाही का? तिच्या बोलण्याचं माप तिच्या लेखातून कसं काढणार? लेखातून कळतं ते एवढंच की काय लक्षात आलं. बोलता येतं का, ते खाटेपाशी उभं राहूनच बघावं लागतं. आपण दोन्हींची बेरीज करून ‘संवादकौशल्य’ म्हणून एक आकडा देतो. माझ्या मते तिथेच घोळ आहे.

कोलंबिया विद्यापीठात रीटा शॅरन यांनी विद्यार्थ्यांना समांतर चार्ट लिहायला लावला. रुग्णाच्या केसपेपरात जे लिहिता येत नाही पण कुठेतरी लिहायलाच हवं, ते त्यात लिहायचं आणि एकमेकांना वाचून दाखवायचं. समोर मित्र बसलेले असताना ‘मी खऱ्या अर्थाने डॉक्टर झाले’ हे वाक्य मोठ्याने म्हणणं जरा अवघडच.

पुढच्या बॅचला फळ्यावर चक्र काढणार नाही. आधी चार ओळी मागायच्या: रुग्ण काय म्हणाला, मी काय म्हणालो, जसंच्या तसं. वाटणं-बिटणं नंतर, आणि वाटलं असेल तरच. लेख दिला की गुण, मजकुराला गुण नाहीत. त्याऐवजी प्रत्येकाशी दहा मिनिटं बोलायचं. विभागाच्या मीटिंगमध्ये विचारतील, मग मोजायचं कसं? प्रश्न रास्त आहे. मागच्या खेपेला एकाच लेखाला मी सात दिले होते आणि सहकाऱ्याने चार, तेव्हा आत्ताही काय मोजतोय कोण जाणे.

चौदाव्याच्या गुणांची चौकट रिकामी ठेवलीय. खाली पेन्सिलीने लिहिलं, ‘मग आजोबांकडे परत गेलास का?’

पोरांना सांगण्याआधी त्या चार ओळी स्वतः लिहून बघाव्यात म्हटलं. आज सकाळचा राउंड, कोपऱ्यातली खाट, त्या बाईंचा मुलगा. ऑपरेशनबद्दल मी त्याला बरंच सांगितलं होतं.

मी: समजलं ना?
तो:

पुढचं आठवेना. मान हलवली होती एवढं नक्की. पण तोंडाने काही बोलला का? मी तोवर पुढच्या खाटेकडे वळले होते. ओळ तशीच अर्धी सोडलीय. नऊ लेख उरलेत, ते उद्या. राउंडच्या आधी त्या कोपऱ्यात जाऊन येते.