पाठीला भिंत लागली की

सांगलीत लेन्सची पत लांबीवर ठरते. गळ्यात हातभर लांब पांढरी लेन्स अडकवलेला माणूस मंगल कार्यालयात शिरला की वाजंत्रीवालेसुद्धा वाट देतात. माझ्या कॅमेऱ्यावरची 24 मिलिमीटरची बुटकी वाइड, म्हणजे रुंद कोनातून बघणारी, लेन्स बघून मात्र पहिला प्रश्न ठरलेला, "झूम किती होती ओ ही?" होत नाही म्हटलं की समोरच्याला माझी दया येते. "मग बदलून घ्या की. पावती हाय न्हवं?"

किंमत सांगायची सोय नाही. फुल फ्रेमची, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरसाठीची 24, तीही एफ 1.4, मोठ्या कंपनीची नवी घेतली तर लाखाच्या पुढं जाते. घरी मी "सेकंड हँड आहे" एवढंच सांगून ठेवलंय. ते खरंही आहे. पुढचं कुणी विचारलं नाही.

पैसे जातात ते 1.4 या आकड्यापायी. आकडा लहान तेवढं लेन्समधलं उजेड आत यायचं भोक, म्हणजे ॲपर्चर, मोठं, हा उलटा हिशोब नवशिक्याला पहिले काही दिवस छळतो. 24 ला 1.4 ने भागलं की 17 मिलिमीटर येतात. हीच 24 नेहमीच्या एफ 4 झूमवर लावली तर भोक उरतं 6 मिलिमीटरचं. 4, 2.8, 2, 1.4 अशा तीन पायऱ्या, प्रत्येक पायरीला उजेड दुप्पट, म्हणजे एकूण आठपट. झूमवाल्याला जिथं आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, 12800 वर न्यावा लागतो, तिथं या लेन्सचं काम 1600 वर भागतं.

असं भोक वाइड लेन्समध्ये पाडणं सोपं नव्हतं. 24 मिलिमीटरच्या साध्या लेन्सला फिल्मच्या अगदी जवळ बसायचं असतं, आणि जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात नेमका तिथंच आरसा वरखाली व्हायचा. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये लेन्स अडकते त्या कडीपासून फिल्मपर्यंतच 46.5 मिलिमीटरचं अंतर. फ्रान्सच्या पिएर आंजेन्यूनं 1950 साली यावर तोड काढली. पुढं किरण फाकवणारी काच बसवायची, म्हणजे लेन्स लांब बसूनही जवळ बसल्याचं काम करते. ती पहिली लेन्स 35 मिलिमीटरची होती, एफ 2.5. तिथून 1.4 गाठायचं म्हणजे काचेवर काच चढत गेली. सिग्मानं 2015 मध्ये फुल फ्रेमसाठी 20 ची 1.4 काढली तेव्हा तिचं वजन भरलं 950 ग्रॅम. पुढं मिररलेस आले, आरसा गेला, लेन्सला सेन्सरजवळ सरकायला जागा झाली. सोनीची 2018 ची 24, एफ 1.4, भरते 445 ग्रॅम. आमच्या भाषेत, अर्ध्या किलो भडंगाच्या पुड्याहून हलकी.

या लेन्सचं माझं आवडतं ठिकाण मिरजेत आहे. सतारमेकर गल्लीतली दुकानं बाहेरून जेवढी दिसतात तेवढीच आत असतात. दारातून येईल तो उजेड, वर एक बल्ब, आढ्याला टांगलेले भोपळे. मंगळवेढा, पंढरपूर भागातून येणारे हे भोपळे वाळून टणक होईपर्यंत तसेच लटकत असतात. खाली दुकानाचे कारागीर चाचा बसलेले, मांडीशी तानपुरा आडवा, हातात बारीक कानस. घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवर, जवारी, म्हणजे तारेची गुंज, काढायचं काम चाललेलं. घोडीचा माथा किंचित घासायचा, तार चढवायची, तारेखाली सुताचा धागा सारायचा, छेडायची, मान तिरकी करून ऐकायचं, की पुन्हा तार उतरवून कानस. किती घासायचं हे कुठल्या मापात नाही, कानात आहे. आणि घासणारा हात दिसतो त्याहून चपळ असतो. शटर सेकंदाच्या 125 व्या भागाहून हळू झालं की बोटांच्या जागी नुसता धूर येतो.

मी समोरच्या भिंतीला पाठ लावून बसतो. गुडघे जवळजवळ चाचांच्या गुडघ्यांना टेकलेले. झूमशिवाय कसं होतं म्हणून विचारणाऱ्यांना फोटोग्राफर मंडळी सांगतात, पायांनी झूम करा. ज्यांच्याकडं मागं सरकायला अंगण आहे त्यांनी जरूर करावं. इथं 1 मीटरवरून 24 च्या चौकटीत दीड मीटर रुंद आणि 1 मीटर उंच एवढं बसतं. माणूस, मांडीवरचा तानपुऱ्याचा भोपळा, बाजूची हत्यारं, मागचा खण, सगळं. तेवढंच 50 च्या लेन्समध्ये बसवायचं तर मला 2 मीटरच्याही पलीकडं जायला हवं, म्हणजे दुकानाबाहेर, गल्लीत, येणाऱ्या मोटरसायकलसमोर.

1.4 वर एवढ्या जवळून फोकसची पट्टी साधारण 15 सेंटिमीटरची मिळते. वीतभरसुद्धा नाही. घोडी धरली तर कानस आणि बोटं येतात, वाकलेले असतील तर चाचांचा चष्मा जेमतेम. मागचे भोपळे मऊ होतात, पण भोपळेच राहतात. मला ही लेन्स आवडते ती यासाठी. 85 ची 1.4 मागचं सगळं पुसून टाकते. लोकांना ते फार भारी वाटतं, लग्नाच्या अल्बमात शोभतंही. पण असं पुसल्यावर तो माणूस मिरजेत बसलाय की मुंबईच्या स्टुडिओत, काय कळणार? 24 मध्ये चाचा त्यांच्या दुकानातच राहतात.

चाचांचं मत वेगळं. स्क्रीनवर फोटो बघून ते म्हणाले, "पसारा लई दिसतोय की ह्यात. आधी सांगितलं असतंत तर आवरलं असतं." मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून कॅमेरेवाल्यांची ये-जा वाढली आहे म्हणे. "सगळे येऊन पहिलं हेच म्हणतात, चाचा, जरा उजेडात बसा. उजेडात बसून जवारी ऐकू येते काय?"

भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याचा आक्षेप जास्त टोकदार. "मामा, मोबाईलचा मेन कॅमेरापण 24 च्या आसपासच असतो, ॲपर्चर 1.8. मग लाख रुपये कशाचे?" मुद्दा बिनतोड वाटतो. पण मोबाईलची ती 24 फक्त हिशोबातली, कोन तेवढा माझ्या 24 सारखा. बऱ्याच महागड्या मोबाईलचा सेन्सर साधारण 10 बाय 7 मिलिमीटरचा, माझा 36 बाय 24. बारापट पाटी. उजेड पडतो तो त्या पाटीवर. मोबाईल मग पाच-सहा फोटो एकावर एक रचून तूट भरून काढतो, आणि स्थिर गोष्टींत झकास काढतो. हलत्या कानशीपाशी त्याचा गोंधळ होतो. भाच्याला हे पटलं नाही. त्याचे फोटो तोवर स्टेटसला लागले होते, माझे कार्डात होते, त्यामुळे वाद तोच जिंकला.

आणि ही लेन्स सगळीकडं चालते असंही नाही. कृष्णेचं पाणी वाढलं की अर्धी सांगली आयर्विन पुलाकडं निघते, मीही जातो. घाटावरून 24 मधून बघितलं तर पूल पार लांब जाऊन बसतो, आणि ज्या पाण्यानं 2019 मध्ये शहराची झोप उडवली ते साधं ओढ्याचं वाटतं. तिथं लांब लेन्सवालेच खरे. जतकडच्या काळोख्या रानात ताऱ्यांसाठी मात्र हिला तोड नाही. वीसेक सेकंद शटर उघडं ठेवावं, तारे अजून ठिपकेच राहतात. फक्त 1.4 वर कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटायचा धोका असतो, तेव्हा 2 वर यावं.

कोपरे हे वाइड लेन्सचं जुनंच दुखणं आहे आणि ते ताऱ्यांपेक्षा नातेवाइकांत जास्त जाणवतं. सपाट सेन्सरवर एवढा रुंद कोन बसवायचा तर कडेच्या गोष्टी बाहेरच्या बाजूला ताणल्या जातात. भिंत असेल तर कळतही नाही. माणूस असेल तर त्याचं वजन वाढतं. घरच्या कार्यात, माजघरात सत्तावीस माणसं आणि मागं सरकायला जागा नाही, अशा वेळी मी 24 लावतो, भोक लहान करून 5.6 वर नेतो, म्हणजे मागची रांगही नीट येते, आणि दोन्ही टोकांना सडपातळ मंडळी उभी करतो. कॉलेजातली पोरं, शिडशिडीत मावसभाऊ, पोलीस भरतीची तयारी करणारा पुतण्या. कुणाला कारण सांगत नाही. सगळ्यांना वाटतं, उंचीनं लावतोय.

आत्यानं मात्र गेल्या बारशाचा फोटो मोठा करून नीट बघितला, त्याआधीचे दोन-तीन शोधून काढले आणि ओळखलं. यंदा मुंजीत मी कॅमेरा काढायच्या आत ती पाटासमोर मधोमध येऊन उभी राहिली. मामीकडं न बघता हळूच म्हणाली, "मी हितनं हलणार न्हाई. हिला बघ तिकडं कडंला जागा हाय का."