सुटलेला इलेक्ट्रॉन परत येतो तेव्हा

आर्गॉनच्या अणूतून एक इलेक्ट्रॉन सोडवायला सुमारे १५.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते, आणि ८०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसरचा एक फोटॉन जेमतेम १.५५ इलेक्ट्रॉन व्होल्ट देतो. तरीही दर चौरस सेंटिमीटरला १०० लाख कोटी वॅट एवढी तीव्रता गाठली की आयनीभवन होते, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन सुटतो, कारण लेसरचे विद्युतक्षेत्र अणुकेंद्राच्या आकर्षणाची भिंत एका बाजूने वाकवते आणि पातळ झालेल्या त्या भिंतीतून, बोगद्यातून निसटावा तसा, इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. अनेक फोटॉनांचे एकत्रित शोषण आणि हा बोगदा ही एकाच प्रक्रियेची दोन टोके आहेत, हे सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ लिओनिद केल्डिश यांनी १९६४ साली दाखवले.

मला त्यानंतरचा प्रवास अधिक विलक्षण वाटतो. लेसरचे विद्युतक्षेत्र सतत दिशा बदलत डोलते; ते शिखराला पोहोचण्यापूर्वी सुटलेला इलेक्ट्रॉन वाहत दूर जातो आणि पुन्हा अणूकडे येत नाही. शिखर ओलांडल्यावर सुटलेला मात्र आधी बाहेर फेकला जातो, क्षेत्राची दिशा उलटली की मंदावतो आणि आल्या वाटेने आपल्याच अणूवर येऊन आदळतो. क्षेत्राचे एक आवर्तन अवघ्या २.७ फेम्टोसेकंदांचे असते (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांशाचा दहा लक्षांश). पूर्ण आवर्तन ३६० अंशांचे धरले, तर शिखरानंतर सुमारे १८ अंशांवर सुटलेला इलेक्ट्रॉन सर्वाधिक ऊर्जा घेऊन परततो, आणि ती ऊर्जा क्षेत्रात डोलणाऱ्या मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या सरासरी गतिज ऊर्जेच्या ३.१७ पट असते. इलेक्ट्रॉन शून्य वेगाने बाहेर आला एवढे गृहीत धरले, तर हा आकडा निव्वळ न्यूटनच्या नियमांनी काढता येतो. पुंजभौतिकीच्या ऐन मध्यावर तो इतका अचूक ठरावा, याचे मला अजूनही अप्रूप आहे.

परतलेला इलेक्ट्रॉन अणूत सामावला, तर त्याची परतीची ऊर्जा आणि त्याला सोडवायला लागणारी ऊर्जा मिळून प्रकाशरूपाने बाहेर पडते. वरच्या उदाहरणात अशा एका फोटॉनच्या ऊर्जेची कमाल मर्यादा सुमारे ३५ इलेक्ट्रॉन व्होल्ट येते. भौतिकशास्त्रज्ञ आन लुइलिए आणि सहकाऱ्यांना १९८७ साली फ्रान्समधील साक्ले येथे असे उच्च क्रमाचे गुणित तरंग, म्हणजे लेसरच्या वारंवारतेच्या कित्येक पट वारंवारतेचा प्रकाश, दिसले होते, आणि त्यांची तीव्रता क्रमागणिक घटत न जाता पठारासारखी टिकून होती. त्याचा हा सोपा उलगडा भौतिकशास्त्रज्ञ पॉल कॉर्कम यांनी १९९३ साली मांडला. काही इलेक्ट्रॉन सामावण्याऐवजी आपटून मागे उसळतात, तर काही दुसऱ्या इलेक्ट्रॉनलाही बाहेर ढकलतात.

प्रकाश वर्तुळाकार ध्रुवित केला, म्हणजे त्याचे विद्युतक्षेत्र पुढेमागे डोलण्याऐवजी गोल फिरू लागले, तर इलेक्ट्रॉन बाजूला वळत जातो, त्याची अणूशी गाठ पडत नाही, आणि ते गुणित तरंग जवळजवळ नाहीसे होतात.